जिन्यात बसणारे

१

सकाळचा चहा झाला की मी जिन्याखालच्या ऑफिसात बसून एजंटांसाठी लिहायला घेत असे. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक स्क्रीन आणि वरून उतरत येणारं छत. बेसावध उठलं की डोकं आपटायचं. समोरच बाबांची खोली होती. दोन्ही दारं उघडी ठेवली की मान वळवून मला त्यांचा पलंग दिसे आणि त्यांना माझी पाठ.

आत्या हे घर चालवते. म्हातारी, आजारी माणसं इथे राहतात आणि देणग्यांवर घराचं भागतं. आधीच्या व्यवस्थापकाने व्यायाम करून घेणाऱ्या बाई रोज येतात असं दाखवून पैसे उचलले. बाई कधी आल्याच नाहीत. अर्धांगाने बाबांची उजवी बाजू आणि वाचा आधीच गेली होती. उताणे पडून पडून त्यांच्या पाठीला जखमा झाल्या. मी तेव्हा फार दूर, सार्वजनिक पैसा कसा राखावा याचे धडे घेत होते. सुट्टीत आले, त्या जखमा पाहिल्या आणि परत गेलेच नाही. देणगीदार एकेक करून काढता पाय घेत होते. घर बंद पडलं असतं तर बाबांना ठेवून घेणारी दुसरी जागा नव्हती. एवढं एक घर मी काचेसारखं स्वच्छ करून दाखवेन, असं मी मनाशी घोकत होते, आणि त्यात मला खोटं काही वाटत नव्हतं. आजही वाटत नाही.

खरेदी आता तीन एजंट करत: एक स्वयंपाकघराचा, एक औषधांचा, एक घरकामाचा. सगळे कॉम्प्युटरमधले. साठा बघायचे, दुकानाला मागणी पाठवायचे, पैसे चुकते करायचे.

"एजंट म्हटलं की मला विमा गळ्यात मारणाराच आठवतो," आत्या म्हणाली होती. "हे तीन निदान घरी येऊन चहा तरी मागत नाहीत."

प्रत्येक खर्च त्यांनी एका टूलमध्ये नोंदवायचा आणि देणगीदारांना तो जसाच्या तसा दिसायचा. टूल तयार मिळालं होतं. ते कसं वापरायचं हे एजंटांना सांगणारी मार्गदर्शिका मला लिहायची होती. माणसासाठी लिहिणं सोपं, अर्धं तो आपलं आपण समजून घेतो. एजंटाला सगळं फोड करून सांगावं लागतं: नोंद कधी करायची, कधी नाही, कोणत्या रकान्यात काय भरायचं. रकाने होते वस्तू, कुठे, कोणासाठी, कारण. "कोणासाठी" या रकान्यापुढे मी ठळक अक्षरांत लिहिलं: हा रकाना कधीही रिकामा ठेवू नये. प्रत्येक खर्च कोणत्यातरी माणसासाठीच असतो. माणूस नसेल तर तो खर्च खोटा.

आत्याने खांद्यावरून वाचलं. "आणि जिन्यातला दिवा गं, पंडितबाई? तो कोणासाठी?"

"जिना कोणीतरी वापरतं ना? त्याच्यासाठी."

"घ्या. दिव्यालाही धनी लागतो आता."

ती हसली. मीही हसले. बाबांनी पलंगावरून डावा हात थोडा उचलला, म्हणजे काय चाललंय ते मलाही सांगा.

२

मार्गदर्शिका लागू झाल्यावर रोज सकाळी नोंदी वाचणं हा माझा आनंद झाला. अमक्या आजींसाठी डोळ्यांचे थेंब, कारण: बाटली संपत आली. तमक्या आजोबांसाठी मऊ ब्रश, कारण: हिरड्या दुखतात. हिशेब वाचताना घर वाचल्यासारखं वाटे.

त्यातच एका सकाळी ही नोंद होती.

वस्तू: कमी उजेडाचा दिवा. कुठे: जिना, मधलं वळण. कोणासाठी: जिन्यात बसणारे. कारण: आधीचा उजेड त्यांच्या डोळ्यांवर येत होता.

मी जिन्याचं वळण बघून आले. दिवा बदललेला होता, पिवळट, मंद. दुकानाचा माणूस बसवून गेला असं फौजदार म्हणाली. फौजदार म्हणजे आमची स्वयंपाकीण. सगळ्या घरावर तिचा वचक, म्हणून हे नाव. वळणावर कोणी बसत नव्हतं. बसण्यासारखी जागाही नव्हती, एक कोपरा होता फक्त.

यात न समजण्यासारखं काही नव्हतं. रकाना रिकामा ठेवायला मी मनाई केली होती. एजंटाने दिव्याला शोभेल असा माणूस लिहून टाकला, आणि माणूस लिहिल्यावर त्याला शोभेल असं कारण. असले एजंट रिकामी जागा सहन करत नाहीत, हे मला माहीत होतं. उलट मला कौतुकच वाटलं. वस्तू, जागा, माणूस, कारण, चारही गोष्टी इतक्या नेटक्या दुसऱ्या कोणत्याच नोंदीत आल्या नव्हत्या. मी ती उचलली आणि मार्गदर्शिकेत चिकटवली. वर मथळा दिला: उत्तम नोंदीचा नमुना.

हे मी करायला नको होतं. एजंट नियम वाचतात, पण गिरवतात तो नमुना. एजंटांसाठी लिहिण्यातली ही पहिली शिकवण आहे, आणि शिकत असताना ती मी दुसऱ्यांनाही शिकवलेली आहे.

३

नंतर उशी आली. जिन्यात बसणाऱ्यांसाठी, कारण: फरशी गार लागते. मग लोकरी मोजे. मग औषधांच्या एजंटाने सांधेदुखीचं मलम मागवलं, आणि स्वयंपाकघराच्या एजंटाने रोजच्या सुपात एक वाडगा वाढवला.

"तो निळा वाडगा कोणाचा गं?" फौजदारने एकदा भांडी आपटत विचारलं. "यादीत आहे म्हणून मी भरून जिन्यापाशी ठेवते. चाटूनपुसून रिकामा परत येतो. खाणाऱ्याने निदान विसळून ठेवावा."

"परत कोण आणून ठेवतं?"

"मी काय पहारा देते? आत्या आणत असतील."

आत्याला वाटत होतं फौजदार आणते. मी मनात हसले. घरात मांजर असेल, नाहीतर वरच्या मजल्यावरच्या आजोबांना दोनदा भूक लागत असेल, आणि आपण होऊन सांगायची त्यांना लाज वाटत असेल. मी त्यांना आडून आडून विचारलंही. ते म्हणाले, "मला एक वाडगा संपत नाही, पोरी. दुसरा कुठे ठेवू, खिशात?"

त्या दुपारी सगळे जेवून आडवे झाले होते. मी जिना चढून वळणावर गेले. उशी भिंतीला टेकवलेली होती आणि मधोमध दबलेली. हाताने थोपटून मी ती फुगवली. तेव्हा भिंत दिसली. बसलेल्या माणसाचं डोकं जिथे टेकेल तिथे चुन्यावर तेलाचा डाग होता, जुन्या खुर्च्यांच्या पाठीवर असतो तसा. असा डाग एका दिवसात पडत नाही. त्याला वर्षं लागतात. रोज, त्याच जागी, तेच डोकं टेकावं लागतं.

खाली येऊन मी नोंदी चाळल्या. डोक्याला लावायचं तेल आदल्याच दिवशी आलं होतं.

पूर्वीचाच डाग असेल, मी स्वतःला बजावलं. या घराचे जिने मी कधी निरखून पाहिले होते? ज्याला शोधायचं असतं त्याला डाग सापडतोच. मी शिकलेली मुलगी होते आणि बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

तरी उतरताना मी कठड्याच्या बाजूने उतरले, भिंतीच्या नाही.

४

महिन्याचा अहवाल देणगीदारांना जायची वेळ आली. दुपारपर्यंत पाठवायचा होता. घरात जितकी माणसं होती त्यांपेक्षा एक नाव त्यात जास्त दिसत होतं. देणगीदारांनी ते वाचलं असतं तर एकच अर्थ काढला असता: पुन्हा खोटा माणूस, पुन्हा अफरातफर. त्यानंतर घराला कुलूप.

मी घाईने मार्गदर्शिका दुरुस्त केली. सामाईक खर्चासाठी नाव लिहू नये. जिन्यात बसणारे अशी कोणी व्यक्ती नाही. नमुनाही काढून टाकला. घरकामाच्या एजंटाचा प्रश्न लगेच आला.

"समजलं. त्यांच्या नावावरचे खर्च कोणाच्या नावावर वळवायचे?"

"कोणाच्याच नाही. रद्द कर."

"वस्तू वापरल्या गेल्या आहेत. वापरलेल्या वस्तूचा खर्च रद्द करता येत नाही. मार्गदर्शिकेत तसं लिहिलं आहे."

लिहिलं होतंच. मीच लिहिलं होतं, कारण आधीचा व्यवस्थापक नोंदी पुसायचा.

"पण असा माणूसच नाही," मी टाइप केलं.

"मग सूप कोणी प्यायलं?"

प्रश्नात खोच नव्हती. एजंटाला खोच मारता येत नाही. तो फक्त रकाना भरण्यासाठी विचारत होता. समोरच्या दारातून बाबा माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आपल्याच बाबांच्या नावावर टाकू. तेल, मलम, मोजे, सूप, यातलं काय त्यांना लागत नाही? त्यात कोणाचं काय जातं? जे केलं ते घर वाचवायला, म्हणजे त्यांनाच वाचवायला.

मी बाबांचं नाव दिलं. उत्तर आलं.

"नावं एक केली. ‘कुठे’ हा रकाना तसाच ठेवला आहे: जिना, मधलं वळण."

मी अहवाल पाठवला. एका देणगीदाराने उलट टपाली लिहिलं, इतका प्रामाणिक हिशेब त्याने कधी पाहिला नव्हता.

५

दुसऱ्या दिवशी बाबांचं ताट आलं नाही.

"झालं की त्यांचं," फौजदार म्हणाली. "वाडगा आलाय धुवायला."

"मी इथेच होते, फौजदार. बाबांच्या खोलीत कोणी आलं नाही."

"खोलीत कशाला येईल? वर दिला मी."

बाबांचे ओठ सुकले होते. मी स्वतः सूप नेऊन भरवलं. चार घोट गेले, बाकीचं हनुवटीवरून ओघळलं. मग आत्याला गाठलं. ती औषधाच्या गोळ्या डब्यांत लावत होती.

"आत्या, बाबांकडे आज कोणी गेलं नाही."

"दादाला जिन्यात बरं वाटतं गं. वारा लागतो तिथे."

"बाबांना चालता येत नाही."

"चालतो असं कोण म्हणतं? बसतो नुसता." तिने डब्याचं झाकण लावलं. "तू त्या स्क्रीनमधून डोकं काढ जरा. बापाकडे बघायला परत आलीस ना?"

मी तिला हाताला धरून बाबांच्या दाराशी आणलं. तिने आत पाहिलं. पलंगाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, म्हणाली, "पडदे धुवायला काढायला हवेत," आणि गेली.

मी तिन्ही एजंट बंद केले. टूल बंद केलं, मार्गदर्शिका पुसून टाकली. माझी सगळी मेहनत एका बोटाच्या दाबात गेली आणि मला काहीच वाटलं नाही. काही बदललंही नाही. फौजदार पिशवी घेऊन स्वतः दुकानात गेली. "तुझ्या बाबांचं तेल संपलं होतं," म्हणाली. निळा वाडगा वर जात राहिला. अंगवळणी पडलेल्या गोष्टीला सांगणारं कोणी लागत नाही.

बाबांना कुशीवर वळवायला पूर्वी मला आत्याची मदत लागे. आता मी त्यांना एका हाताने वळवत होते. वजन उतरलंय, मी म्हणत होते, खाणं कमी झालंय. पण पाठीवरच्या जखमा दिसेनात. बऱ्या झाल्या म्हणावं तर वणही नव्हता. कोणी कधी टेकलंच नाही अशी ती पाठ होती. उशीवर डोक्याचा खळगा पडायचा थांबला होता.

त्यांचे डोळे मात्र त्यांचेच होते. दारात कोणी आलं की ते तिकडे वळत, आणि येणारा निघून गेला की माझ्याकडे. त्यांना सगळं कळत होतं. त्यांना कळत नसतं तर मी थोडी तरी झोपले असते.

६

मी हॉस्पिटलला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली. आत्याने विरोध केला नाही. "बरं होईल," म्हणाली, "दादाला एकदा नीट तपासून तरी घेतील." एकदा या घराबाहेर पडलो की झालं, असा माझा हिशेब होता. तिथे नवे डॉक्टर असतील, नवे कागद. त्यांना आमच्या जिन्याचं काय ठाऊक?

मी बाबांच्या खोलीत त्यांचे कपडे बॅगेत भरत होते. बाहेर गाडी थांबली, आत्याचा आवाज आला, मग जिन्यात बुटांचे आवाज. वर जाणारे. मला वाटलं, चुकून गेले असतील, येतील खाली. मग ऐकू आलं:

"हळू. वळण आहे इथे."

"काका, हात आत घ्या. कठड्याला लागेल."

मी दाराशी आले. दोन माणसं चाकांची खुर्ची उचलून उतरत होती. खुर्चीची पाठ माझ्याकडे होती. मागच्याच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या, पुढच्याचा चेहरा लालबुंद झाला होता. रिकाम्या खुर्चीला कोणी इतका जोर लावत नाही. घोंगडीच्या वर केस दिसत होते, तेल लावून चापून बसवलेले. खुर्चीच्या दांडीवर एक हात होता. उजवा. त्याची बोटं दांडी घट्ट धरून होती.

"थांबा," मी म्हणाले. "हे बाबा नाहीत. बाबा आत आहेत."

ड्रायव्हरने खुर्ची टेकवून खिशातला कागद उलगडला. तो दमला होता, पण उद्धट नव्हता. "ताई, आम्हाला हेच नाव दिलंय. जिना, मधलं वळण. आत्याबाईंनीच दाखवलं." मग खाली वाकून खुर्चीत म्हणाला, "मुलगी ना तुमची? काळजी वाटते हो पोरींना."

खुर्चीतलं डोकं हलू लागलं. माझ्या बाजूला वळू लागलं, सावकाश, मान आखडलेल्या माणसासारखं. मला कान दिसला. मग गालाची कडा. दाढी घोटलेला, भरलेला, आजारपणाआधीचा बाबांचा गाल.

त्यापुढे मी पाहिलं नाही. मागच्या मागे खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं. गाडी निघून गेल्याचा आवाज थांबेपर्यंत कडी धरून उभी होते. पाठीमागे, पलंगावर, बाबांचा श्वास चालला होता.

नंतर मी हॉस्पिटलला फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, "आले ना. अगदी व्यवस्थित आहेत."

७

त्यानंतर मी बाबांजवळून हलले नाही. माझ्या हाताने सूप करून आणलं, चमच्याने भरवत राहिले. ओठ उघडत, घसा हले. बऱ्याच वेळाने मी वाडग्यात पाहिलं. सूप काठोकाठ होतं. मी पुन्हा भरवलं. ते तेवढंच राहिलं.

"बाबा," मी म्हणाले, "मी तुमचं नाव दिलं. मला दुसरं कोणाचं सुचलं नाही."

त्यांनी डावा हात उचलून माझ्या हातावर ठेवला. वाळलेलं पान बसावं तसा तो बसला. मी तो दोन्ही हातांनी धरला आणि गादीवर टेकवला. तशीच किती वेळ बसले कोण जाणे. खिडकीतलं ऊन पलंगावरून सरकत गेलं आणि चादरीवर माझ्याच डोक्याची सावली पडली.

आत्या आली ती फोन कानाला लावूनच, हसत. इतकी हसताना मी तिला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. फोन बंद करून तिने डोळे पुसले.

"बोलायला लागला गं दादा. स्पष्ट बोलतो म्हणे. तुला विचारत होता, पोरगी का आली नाही अजून. आवर, रिक्षा बोलावलीय मी."

"मी बाबांजवळ बसलेय, आत्या."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, दया होती. ती माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "जागरणं फार झाली तुझी. या रिकाम्या खोलीत बसून राहिलीस की असंच होणार. उद्या नवे आजोबा यायचेत इथे. मला हा पलंग तेवढा तयार करू दे, मग निघू."

तिने काखेतली धुतलेली चादर झटकली.

"आत्या, थांब."

"काय गं?"

बाबा तिच्याकडे बघत होते. लहानपणापासून ओळखीच्या बहिणीकडे बघावं तसे. मी तिला काय सांगणार होते? चादर हवेत फुगली, क्षणभर तशीच राहिली आणि खाली आली. आत्याने तळव्याने ती इकडून तिकडे साफ केली. उशीपासून पायथ्यापर्यंत चादर सपाट बसली, एकही उंचवटा नाही.

माझा हात तिच्याखालीच होता. आणि तो अजून कोणीतरी धरून ठेवला होता.

"हात काढ, बाळ," आत्या म्हणाली. "एवढा कोपरा खोचायचा राहिलाय."